शेवटच्या दोन ओळी

‘तुम्ही दोघी इथंच थांबा. आणि बुटांकडे जरा लक्ष ठेव, बेटा.’

सर एवढं बोलले आणि काचेचं दार ढकलून आत गेले. आतली गार हवा पायांवर आली आणि दार लागलं.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि माझी सरूआत्या. आमच्यासमोर बूट. काळे, तपकिरी, नाडीचे, बिननाडीचे. एका बाईंच्या उंच टाचेच्या चपला. विद्यापीठाच्या समितीवरचे पाहुणे आले होते, त्यांचं हे सगळं पायताण. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ चालत नाही म्हणून दारात काढलेलं. तेव्हा, ऐंशीच्या त्या दशकात, सगळीकडे हीच पद्धत होती. कॉम्प्युटर म्हणजे देव आणि एसीची खोली म्हणजे गाभारा. मशीनला झेंडूचा हार घातला होता. नारळही फोडला होता, पण बाहेर, कारण आत पाणी उडायला नको.

आत्यानं पांढरी साडी नेसली होती. ती फक्त जयंतीला नेसायची. मी तिला सांगितलं होतं, आज तुझं गाणं कॉम्प्युटरमधून निघणार, मोठी माणसं ऐकायला येणार. बिस्किटांच्या कंपनीत खाडा करून ती आली होती. घाटकोपरच्या डोंगरावरून अंधेरीपर्यंत बसमध्ये उभ्यानं. साडीची इस्त्री मोडू नये म्हणून बसायला जागा मिळाली तरी ती बसली नाही. आणि आता ती पाहुण्यांच्या बुटांपाशी बाकावर बसली होती.

‘आपुन आत जायाचं न्हाई?’

‘माणसं जास्त झाली की मशीन तापतं म्हणे.’

‘आपल्या दोघींनीच तापतंय व्हय?’

काचेतून दिसत होतं, कॉलेजातल्या आमच्याच मराठी विभागातल्या दोन मुली आत चहाचे कप फिरवत होत्या. त्यांच्यामुळं मशीन तापत नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आत जे चाललं होतं त्याची कल्पना माझी होती. आत जे गाणं होतं ते आत्याचं होतं. आणि आम्ही बाहेर बूट राखत होतो.

*

मी घाटकोपरच्या डोंगरावर वाढले. बाप मुलुंडला औषधाच्या कारखान्यात हेल्पर. साताऱ्याकडून आलेली आमची माणसं, सगळी एकाच उतारावर एकमेकांना धरून राहिलेली. सरूआत्या बापाची चुलतबहीण. नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. दिवसभर पट्ट्यावरून येणारी बिस्किटं पुड्यात भरायची आणि भरता भरता तोंडातल्या तोंडात गाणी रचायची. लिहिता येत नव्हतं. त्यामुळं रचलेलं सगळं पाठ. एप्रिल आला की आमच्या डोंगरावर, मुलुंडला, बोरिवलीला, आरे कॉलनीतल्या गोठ्यांमागच्या वस्तीत, जिथं जिथं निळा झेंडा लागायचा तिथं गायनपार्ट्या उभ्या राहायच्या. आत्याची गाणी तिच्याआधी तिथं पोचलेली असायची.

आमच्या पार्ट्यांची एक रीत आहे. जो गाणं रचतो तो शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. दुसऱ्या कोणी ते गाणं म्हटलं तरी नाव तेच ठेवायचं. चाल बदला, शब्द फिरवा, मधलं कडवं वाढवा, कोणी काही म्हणत नाही. नाव मात्र गाळायचं नाही. एका वर्षी मुलुंडची एक पार्टी आमच्याकडे आली. त्यांच्या बुवानं आत्याचं गाणं उचललं आणि शेवटी स्वतःचं नाव घातलं. बायकांत बसलेली एक म्हातारी ताडकन उठली. ‘नाव घे!’ ती ओरडली. पेटी थांबली. ढोलकी थांबली. बुवा इकडंतिकडं बघायला लागला. मग सगळा उतारच ओरडायला लागला, नाव घे, नाव घे. बुवानं मान खाली घालून कडवं पुन्हा म्हटलं, सरूच्या नावानं. गाणं पुढं सुरू झालं. नंतर त्याच म्हातारीनं त्याला चहा पाजला.

ज्याचं नाव दारावर, दुकानावर, पुस्तकावर असतं त्याला यातलं काही कळायचं नाही. आत्याचं नाव कागदावर नव्हतं असं नाही. रेशनकार्डावर होतं, अमक्याची बायको म्हणून. कंपनीत ती नुसती ‘ए बाई’ होती. गाण्यात मात्र ती कोणाची कोणी नव्हती. डोंगरावरची सरू. बस. तिची सगळी इस्टेट एवढीच.

तिचं एक गाणं सगळ्यांना यायचं. आमच्या खालच्या रस्त्यावर नळ होता, तिथं सोसायटीच्या मोलकरणींचे हंडे आधी लागायचे आणि आमचे मागं ढकलले जायचे, त्यावरचं.

उभी नळाच्या रांगेत, हंडा माझा मागं
आधी भरती मानाचे, मग माझा भाग

थेंब थेंब येई पाणी, ऊन आलं डोई
पाण्याला नसते जात, नळाला गं होई

सरू डोंगरावरची सांगे, हंडा पुढं सार गं
मागं राहून राहून बाई, पिढी झाली गार गं

शेवटच्या दोन ओळी आल्या की बायका उभ्या राहायच्या. खरंच उभ्या राहायच्या. सांगावं लागायचं नाही.

*

मी मराठी घेऊन एम.ए. झाले आणि अंधेरीच्या एका कॉलेजात, सरांच्या हाताखाली, संशोधनाला लागले. सर म्हणजे खादीचा झब्बा, खांद्याला झोळी. जातीविरुद्ध लिहायचे. कडक लिहायचे. आमच्या डोंगरावर जयंतीला भाषणाला आले होते आणि भाषण झाल्यावर आमच्या घरी जेवले. आईनं बोंबलाची चटणी केली होती. त्यांनी ती मागून घेतली. बाप त्या दिवसानंतर महिनाभर तेच सांगत होता, सरांनी चटणी मागून घेतली. आम्ही किती स्वस्तात विकले जातो बघा.

पण तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं. माझा त्यांच्यावर बापापेक्षा जास्त विश्वास होता. हे लिहिताना आजही दात आवळले जातात.

एकदा कॅन्टीनमध्ये मी त्यांना म्हणाले, ‘सर, आत्याचं गाणं आरेत वेगळं म्हणतात, बोरिवलीत वेगळं. कोणत्या वस्तीतून कोणत्या वस्तीत गेलं ते शोधता येईल. हातानं करायला जन्म जाईल. पण कॉम्प्युटरला सगळी रूपं दिली तर तो ओळीला ओळ लावून बघेल ना?’

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘बेटा, तुला कळतंय का तू काय बोललीस? हे आजवर कोणी केलेलं नाही.’

त्याच वर्षी विद्यापीठानं नवी टूम काढली होती. दोन अगदी वेगळ्या विषयांच्या माणसांनी मिळून कॉम्प्युटरवर काही नवं संशोधन करायचं. सुरुवातीचा पैसा विद्यापीठ देणार. नाव ठेवलं बीजनिधी. पहिलं काम समितीला पसंत पडलं तर पुढं मोठी मदत. सरांनी कॉलेजातल्या कॉम्प्युटर विभागाच्या नाडगीर सरांना गाठलं. अर्ज मी लिहिला. सरांनी तो इंग्रजीत केला. ‘आपण करणार, आपण दाखवून देणार’ असं ते सारखं म्हणायचे. त्या ‘आपण’मध्ये मी आहे, असं मी धरून चालले.

माझी एकच अट होती. नावं राहिली पाहिजेत. ज्याचं गाणं त्याचं नाव.

‘अगं, हे काय सांगायचं झालं?’ सर म्हणाले. आणि खास त्यासाठी डोंगरावर आले. आमच्या घरात, आत्याच्या समोर बसून म्हणाले, ‘सरूबाई, तुमचं नाव आता कॉम्प्युटरमध्ये जाणार. माणूस विसरतो, मशीन विसरत नाही.’

आत्यानं विचारलं, ‘त्यो पैका कसला म्हनला?’

‘बीजनिधी. म्हणजे बियाण्याचा पैसा.’

‘बी आमचं, रान तुमचं,’ आत्या म्हणाली. ‘मग पीक कुनाचं?’

सगळे हसले. सर सगळ्यांत मोठ्यानं हसले. ‘पीक सगळ्यांचं, सरूबाई.’ आत्या हसली नाही, पण गायला तयार झाली.

*

मग मी फिरले. बापानं दुबईहून आलेल्या शेजाऱ्याकडून टेपरेकॉर्डर घेतला होता, तो खांद्याला लावून. कॅसेटी मी शिकवण्यांच्या पैशातून घेतल्या, निधीची वाट बघत बसले नाही. आरेत गोठ्यातली कामं आटपून बायका शेणाच्या हातानं गायला बसायच्या. मुलुंडला एका वर्कशॉपच्या मागं लोखंडाच्या किसात बसून गाणी घेतली. कोणी पैसे मागितले नाहीत. सगळ्यांनी एकच विचारलं, ‘नाव ऱ्हाईल ना पोरी?’ मी म्हणायचे, राहील. सरांनी सांगितलंय.

घरी येऊन गाणी इंग्रजी अक्षरांत उतरवायची. मोठ्या चौकटीचे कागद असायचे, एका चौकटीत एक अक्षर. कॉम्प्युटरला तेव्हा मराठी येत नव्हतं. कोपऱ्यात गाणाऱ्याचं नाव, वस्तीचं नाव. ते कागद मी कॉम्प्युटरच्या खोलीकडे न्यायचे. खोलीच्या भिंतीला एक लहान खिडकी होती, रेशनच्या दुकानाला असते तशी. तिथून कागद आत द्यायचे. आत ऑपरेटर ते टाइप करायचा.

मी एकदा म्हटलं, मला आत येऊन बघू दे.

नाडगीर सर म्हणाले, ‘तुम्ही वस्त्यांमधून फिरून येता. धूळ येते. मशीन सेन्सिटिव्ह आहे.’

‘मी चपला काढते.’

‘चपलांचा प्रश्न नाही हो.’

मग कशाचा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या विभागातली मुलगी, लोकलच्या धक्क्यांतून कल्याणहून यायची, ती आत जायची. तिची धूळ चालायची. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, ‘थोडं सांभाळून घे. तांत्रिक माणसं अशीच असतात. आपल्याला काम महत्त्वाचं.’ मी सांभाळून घेतलं. सांभाळून घ्यायची आम्हाला पिढ्यांची सवय आहे.

*

तर त्या दिवशी काचेबाहेर आम्ही दोघी. आत काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. छपाईचं यंत्र करकरत होतं आणि कडेला भोकं असलेला रुंद कागद एकसारखा बाहेर येत होता. पाहुणे माना डोलवत होते. सरांनी तो कागद फाडला, चष्मा लावला.

तेवढ्यात शिपाई चहाची किटली घेऊन आत गेला आणि दार त्यानं पायानं अडवून उघडं ठेवलं. सरांचा आवाज बाहेर आला. आवाज छान होता त्यांचा. भाषणाचा.

‘उभी नळाच्या रांगेत, हंडा माझा मागं...’

आत्यानं माझा हात धरला. मोठ्या माणसाच्या तोंडून आपले शब्द ती पहिल्यांदा ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं तर तिचे ओठ हलत होते, त्यांच्याबरोबर.

‘पाण्याला नसते जात, नळाला गं होई.’

सर थांबले. आत्याचे ओठ पुढं गेले. सरू डोंगरावरची सांगे. पण आतून काही आलं नाही. सरांनी कागद खाली केला होता.

‘केवढी वेदना आहे बघा,’ ते म्हणाले. ‘कोणा अज्ञात बाईनं कधीतरी रचलेलं. लोकगीताला कवी नसतो. अख्खा समाजच त्याचा कवी. आणि अशा अज्ञात आवाजांपर्यंत आता आपलं यंत्र पोचलं आहे.’

टाळ्या वाजल्या.

आत्यानं माझा हात सोडला. ‘माझं गानं अर्ध्यात का सोडलं गं त्यानं?’

मला आधी वाटलं, विसरले असतील. मग कागद दिसला. दाराजवळच्या टेबलावर त्याची प्रत पडली होती. मी उंबऱ्यातून वाकून वाचलं. एकामागून एक गाणी. आरेच्या बायकांची, मुलुंडची, बोरिवलीची. प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं कापलेलं. प्रत्येक. चौकटीच्या कागदावर मी लिहून दिलेलं नावही नाही. ऑपरेटरची चूक नव्हती ही. चूक अशी सगळीकडे सारखी होत नाही. कोणीतरी सांगितलं होतं, कापा.

आणि नाव शेवटच्या कडव्यात असतं, तसं भांडणही तिथंच असतं. हंडा पुढं सार, हे तिथं असतं. ते कापल्यावर काय उरलं? रांगेत उभी असलेली एक बाई. रडणारी. त्यांना तेवढीच हवी होती. रडणाऱ्या बाईला निधी मिळतो. हंडा पुढं सारणाऱ्या बाईला कोण देणार?

माझ्या कानात डोंगरावरच्या त्या म्हातारीचा आवाज आला. मी चपला काढल्या नाहीत. तशीच आत गेले.

‘अहो, चपला! चपला!’ नाडगीर सर ओरडले.

‘नाव घ्या,’ मी सरांना म्हणाले.

‘काय झालं, बेटा? नंतर बोलू.’

‘गाणं अर्धं म्हटलंत तुम्ही. नाव घ्या.’

उंच टाचेच्या चपलांवाल्या बाई हसल्या. ‘उखाणा घ्यायचाय का?’ दोघंतिघं हसली. समितीच्या मुख्य पाहुण्यांनी सरांना इंग्रजीत विचारलं, ही कोण?

मी सरांकडे बघत होते. मला अजून आशा होती. हे सांगायची लाज वाटते, पण होती. वाटलं, आता म्हणतील, हिचीच कल्पना ही. आता म्हणतील, बाहेर जी बाई बसली आहे तिचं हे गाणं.

सर हसून म्हणाले, ‘आमची फील्डवरची मुलगी आहे. माहिती गोळा करायला ठेवलेली. जरा भावनाप्रधान आहे.’

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट जमीन पहिल्यांदा नीट लागली. मी मोठ्यानं त्या दोन ओळी म्हटल्या. मला गाता येत नाही. आवाज फाटला. सरू डोंगरावरची सांगे, हंडा पुढं सार गं. त्या खोलीत तो फाटका आवाज कसा वाटला असेल ते मला माहीत नाही आणि पर्वाही नाही. दारात आत्या उभी होती, तिनं ऐकला.

नाडगीर सरांनी शिपायाला खूण केली. तो फिनेलच्या पाण्यात बुडवलेलं फडकं घेऊन आला आणि माझ्या पायांमागची फरशी पुसायला लागला. मी अजून तिथं उभी होते. मी एक पाऊल टाकलं की तो ते पुसायचा. त्या बिचाऱ्याला नोकरी होती. माझे आजोबा सांगायचे, गावात आपलं माणूस पाटलाच्या अंगणातून गेलं की मागं शेण सारवायचे. इथं फिनेल होतं आणि एसी होता. विसाव्या शतकात आलो होतो आपण.

*

बाहेर व्हरांड्यात सर माझ्यामागं आले. चेहरा लाल.

‘तू माझं नाक कापलंस. पाहुण्यांसमोर.’

‘कडवी कोणी कापली, सर?’

‘समितीला तसलं चालत नाही. त्या ओळी प्रचारकी आहेत. आणि नावांमुळं मशीनला तुलना करता येत नाही. हे शास्त्र आहे. पुढची मदत अडली असती. सगळं काम पाण्यात गेलं असतं. मी हे तुझ्यासाठीच केलं.’

‘तुम्ही आमच्या घरात बसून शब्द दिला होता.’

‘शब्द, शब्द! जग शब्दांवर चालतं का?’

मराठीचा प्राध्यापक हे म्हणाला. आत्या शेजारीच उभी होती. तिला तो एक शब्द बोलला नाही. मान वळवली, आत गेला आणि दार लागलं.

परतीच्या बसमध्ये आत्या बसली. साडी चुरगळली तरी चालणार होतं आता. साकीनाका आला. मग म्हणाली, ‘तूच आनला हुतास त्याला घरात.’ मी रडले नाही. ती म्हणाली ते खरं होतं, आणि ते मला त्या खोलीतल्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

*

बाप घाबरला. ‘माफी माग. काय बिघडतं? पदवी मिळाली की नोकरी लागंल. आपण कोणाकोणाशी भांडायचं?’ रोज हेच. त्याचं चूक नव्हतं. मी घरातली पहिली शिकलेली. माझ्या पीएच.डी.ची गोष्ट तो कारखान्यात सगळ्यांना सांगून बसला होता. मी म्हटलं, मागणार नाही. आमच्यात बोलणं बंद झालं.

थोड्या दिवसांनी एका रविवारी सर स्वतः डोंगर चढून आले. घाम पुसत दारात चपला काढल्या आणि आत बसले. पूर्वीच्याच जागी. आईनं पाणी दिलं. मदत मंजूर झाली होती. मोठी. काम वाढवायचं होतं आणि गाणी कमी पडत होती. सगळ्या कॅसेटी माझ्याकडे होत्या.

‘झालं गेलं विसर, बेटा. कॅसेटी दे. आणि हे बघ, शोधनिबंधावर माझ्या नावाखाली तुझं नाव घालतो. पीएच.डी.चंही मार्गी लावू.’

बाप माझ्याकडे बघत होता. इतक्या दिवसांनी डोळ्यांत डोळे घालून. देते म्हण, असं ते डोळे म्हणत होते.

‘आणि आत्याचं नाव?’ मी विचारलं.

‘पुन्हा तेच! अगं, लोकगीताला कवी नसतो. जगभरात हेच मानतात.’

आत्या कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. ‘लोकगीताला कवी नसतो,’ ती त्यांचेच शब्द हळू म्हणाली. ‘मग मी कोन?’

सरांनी तोंड उघडलं. मग घड्याळाकडे बघितलं. मग राहिलेलं पाणी प्यायले. समोर जिवंत बाई बसली होती आणि तिला ‘तू आहेस’ म्हणायला त्यांची जीभ उचलली नाही. एवढं वाचलेला माणूस. एवढं जातीविरुद्ध लिहिलेला. वाट बघून आत्यानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

आणि बाप उठला. मला वाटलं, आता मला ओरडणार. तो दाराकडे गेला, वाकला आणि सरांच्या चपला उचलून बाहेर पायरीवर ठेवल्या. नीट जोडून. तोंड उताराकडे करून.

‘चला सर,’ तो म्हणाला. ‘ऊन वाढतंय.’

माझा बाप आयुष्यात कोणाला यापेक्षा मोठ्यानं बोलला नाही.

*

पीएच.डी. झाली नाही. सरांचं पुस्तक आलं, बक्षिसं आली. त्यात नळाचं गाणं आहे. दोन कडव्यांचं. खाली लिहिलंय, अज्ञात. कॉलेजातली मुलं परीक्षेला त्यावर उत्तर लिहितात, या गीतातील वेदना स्पष्ट करा. मी बोरिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. तिथं ते गाणं मी मुलांना पूर्ण शिकवलं. हेडमास्तरांनी विचारलं, हे पुस्तकात कुठं आहे? मी म्हटलं, पुस्तकातून कापलंय.

आत्या गेली. मरेपर्यंत तिनं त्या दिवसाची पांढरी साडी पुन्हा नेसली नाही, जयंतीला दुसरी घेतली. मला तिनं माफ केलं की नाही ते मी तिला विचारलं नाही. कॅसेटी मात्र तिनंच माझ्याकडून मागून घेतल्या आणि तिच्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. शेवटी म्हणाली, ‘ह्या आता तुझ्याकडं. पर तशा देऊ नको कुनाला.’

अजून लोक येतात. कोणी विद्यापीठाचे, कोणी परदेशाचे, कोणी आमचेच शिकलेले. आता कॉम्प्युटर खिशात मावतो आणि त्याला मराठी येतं. सगळ्यांकडे कोणता ना कोणता निधी असतो. सगळे मला ताई म्हणतात, सगळे चटणी मागून घेतील. दारात आले की चपला काढायला वाकतात.

मी उंबऱ्यातच उभी राहते.

‘थांबा,’ मी म्हणते. ‘चपला राहू द्या पायात. आधी नाव घ्या.’

ज्याला घेता येत नाही, त्यानं तिथूनच उतार धरायचा.